दुःखाच्या घरातील पहिली कामे

(शेतकी विभागाकडून)



हंगामाच्या तोंडावर ऊस नोंदीचे रजिस्टर आमच्यासमोर येते. त्यात दर वर्षी काही नावे अशी निघतात, की माणूस गेला आहे आणि ऊस मात्र रानात उभा आहे. लागण त्याने केली, नोंदीवर सही त्याची, आणि तोड आली तेव्हा तो नाही. ऊस कारखान्यावर येतो, वजन होते, बिल निघते. ऊस (नियंत्रण) आदेश 1966 प्रमाणे ऊस मिळाल्यापासून 14 दिवसांत एफआरपीची रक्कम द्यावी लागते. पण ती रक्कम ज्या खात्यावर जायची ते खाते मयताचे. मग पैसे एक तर परत येतात, नाही तर आत जाऊन अडकतात. इकडे घरात बाई आणि पोरं, सोसायटीचे देणे डोक्यावर, खोडव्याला खत घालायला हातात पैसा नाही. पैसा आहे, पण आपला नाही, अशी गत.

हे दुर्दैव नव्हे. दुर्दैव एकदाच घडून गेले. त्याच्या मागून येते ती अडचण आहे, आणि अडचण टाळता येते. म्हणून आजच्या अंकात वाण, खते, ठिबक बाजूला ठेवून थोडे अवघड बोलणार आहोत. आमचे मत सरळ आहे : माणूस गेल्यावर कागदाची कामे वेळेत करणे म्हणजे निर्दयपणा नव्हे. गेलेल्या माणसाची ती शेवटची सेवा आहे. "अजून तेरावा झाला नाही आणि कागद कसले काढता?" असे म्हणणारे भाऊबंद प्रत्येक गावात असतात. त्यांचा मान ठेवून आम्ही म्हणतो, की काही कामे तेराव्याची वाट पाहत नाहीत.

भिवंडीने काय शिकवले

आपल्या भागातली किती तरी पोरं आज मुंबई-ठाण्याकडे आहेत. भिवंडीच्या गोदामांत हमाली, गाड्यांवर ड्रायव्हरकी, यंत्रमागावर पाळी. शेतात बाप आणि तिकडे मुलगा, अशी घरे आता नवलाची राहिली नाहीत. त्या भिवंडीत 21 सप्टेंबर 2020 रोजी पहाटे पटेल कंपाउंडमधील जिलानी इमारत झोपलेल्या माणसांवर कोसळली. सुमारे चाळीस माणसे गेली. पुढे 29 एप्रिल 2023 रोजी त्याच तालुक्यात वर्धमान कंपाउंडमधील गोदामाची इमारत पडली. तीतही कामगार आणि राहती माणसे गेली.

अशा प्रसंगी सरकार मदत जाहीर करते, वर्तमानपत्रात आकडा छापून येतो. पण मदत घ्यायला "मी याचा कोण" हे दाखवावे लागते, आणि तो कागद त्याच ढिगाऱ्याखाली असतो. रेशनकार्ड, आधार, पासबुक, विम्याचा कागद, सगळे एकाच पत्र्याच्या पेटीत. पेटी गेली की नाते सिद्ध करायचे काम उरलेल्या माणसावर येते, तेही रडता रडता.

दुसरा धडा आमच्या सभासदांच्या अधिक कामाचा आहे. मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथे होते, जिथे घर आहे तिथे नाही. मुलगा भिवंडी शहरात वारला तर नोंद भिवंडी-निजामपूर शहर महानगरपालिकेत. तालुक्यातल्या एखाद्या गावात वारला तर त्या गावच्या ग्रामपंचायतीत. मयत गावी आणून अग्नी दिला, म्हणून आपल्या ग्रामपंचायतीला ती नोंद घेता येत नाही. पुष्कळ घरे इथेच चुकतात. गावी सगळे विधी होतात, महिन्याने दाखला मागायला जातात तेव्हा कळते की दाखला दोनशे-तीनशे किलोमीटरवर आहे. रुग्णवाहिकेत वाटेतच प्राण गेला, तर गाडी जिथे प्रथम थांबते तिथली नोंद धरतात, हेही ध्यानात असू द्या. तेव्हा मयत घेऊन निघण्यापूर्वी एका शहाण्या माणसाला मागे ठेवा. दवाखान्याचा कागद, नोंदीचा अर्ज आणि नावाचे स्पेलिंग तो पाहील.

पहिला दिवस

पहिल्या दिवशी घरच्यांनी रडावे. कामे भावकीतल्या किंवा शेजारच्या एकाने अंगावर घ्यावीत. त्याने तीन गोष्टी पाहाव्यात.

एक, डॉक्टरचे प्रमाणपत्र. दवाखान्यात मृत्यू झाला असेल तर मृत्यूचे कारण लिहिलेले प्रमाणपत्र दवाखाना देतो आणि नोंदीसाठी माहितीही दवाखान्यानेच कळवायची असते. घरी मृत्यू झाला असेल तर ती जबाबदारी कुटुंबप्रमुखाची. शेवटच्या आजारात ज्या डॉक्टरने औषधोपचार केले त्याच्याकडून प्रमाणपत्र घ्यावे.

दोन, मृत्यू कसा झाला. साप चावला, मोटरचा शॉक लागला, विहिरीत पडला, वीज पडली, ट्रॅक्टर उलटला, फवारणीचे विष अंगात भिनले, यांपैकी काहीही असेल तर पोलिसांना कळवल्याशिवाय अग्नी देऊ नका. "चिरफाड नको, देह नीट जाऊ द्या," असे वडीलधारी म्हणतात. त्यांची भावना आम्हाला कळते. पण पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल नसेल तर पुढचे सगळे दरवाजे बंद होतात. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत 10 ते 75 वयाच्या वहितीधारक खातेदार शेतकऱ्याच्या, किंवा त्याच्या कुटुंबातील एका सदस्याच्या अपघाती मृत्यूबद्दल वारसाला 2 लाख रुपये मिळतात. प्रस्ताव तालुका कृषी अधिकाऱ्याकडे, तोही 30 दिवसांच्या आत द्यायचा असतो. तेरा दिवस विधीत गेले, आठ दिवस पाहुण्यांत गेले, की हातात उरतात नऊच दिवस. एका दिवसाच्या संकोचापायी विधवेचे 2 लाख जाऊ द्यायचे का, याचा विचार वडीलधाऱ्यांनीच करावा.

तीन, मयताचा मोबाईल. तो बंद करू नका, सिम परत देऊ नका. बँक, गॅस, आधार सगळे त्या नंबराला जोडलेले असते. पण त्याच मोबाईलवरून किंवा एटीएम कार्डाने खात्यातले पैसे मात्र कोणी काढू नयेत. "आजोबांचा पिन मला माहीत आहे" म्हणून नातू पैसे काढून आणतो, आणि पुढे तेच भावाभावांत भांडणाचे मूळ होते. पीएम किसानचा हप्ता मृत्यूनंतर खात्यावर आला तर त्यालाही हात लावू नये, कळवून टाकावे.

एकवीस दिवस

जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम 1969 प्रमाणे मृत्यूची माहिती 21 दिवसांत द्यायची असते. या मुदतीत नोंद फुकट होते आणि माहिती देणाऱ्याला दाखल्याची पहिली प्रतही फुकट मिळते. 21 दिवस गेले तर 30 दिवसांपर्यंत विलंब शुल्क पडते. 30 दिवसांनंतर एक वर्षापर्यंत वरच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. वर्ष उलटले तर दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय नोंद नाही. म्हणजे जे काम आज चालत जाऊन होते, त्याला वर्षाने वकील लागतो.

दाखल्याच्या आठ-दहा प्रती एकदम काढून घ्या. बँक, विमा, तलाठी, सोसायटी, कारखाना, वीज मंडळ, प्रत्येक ठिकाणी एक प्रत जाते. आणि नाव तपासा. सातबाऱ्यावर "बाबू", आधारवर "बाबूराव", शेअर सर्टिफिकेटवर "बाबूराव" पण आडनाव जुने, आणि दाखल्यावर चौथेच काही तरी, असे कागद आम्ही रोज पाहतो. दाखल्यावरचे नाव आधारप्रमाणे घ्यावे. बाकी ठिकाणी फरक असेल तर सगळी नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र करून ठेवावे.

तीन महिने आणि सातबारा

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 च्या कलम 149 प्रमाणे वारसाने जमिनीत हक्क मिळाला की तीन महिन्यांत ते कळवायचे असते. आपण ज्यांना तलाठी म्हणतो त्यांच्याकडे अर्ज, मृत्यूचा दाखला, वारसांची नावे आणि प्रतिज्ञापत्र द्यायचे. अर्ज आता ई-हक्क प्रणालीवरूनही करता येतो. गाव नमुना 6क मध्ये वारसांची नोंद होते, फेरफार पडतो, नोटीस निघते, हरकत नसेल तर मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतात आणि वारसांची नावे सातबाऱ्यावर येतात.

हे इतके सोपे असूनही गावोगाव आजोबांच्या, पणजोबांच्या नावाचे सातबारे आहेत. म्हणून तर 2025 मध्ये सरकारला "जिवंत सातबारा" मोहीम काढावी लागली, मयतांची नावे कमी करून वारसांची लावण्यासाठी. सरकारला मोहीम काढावी लागते याचा अर्थ आपण घरी ते काम केले नाही. एका पिढीची नोंद राहिली तर चार वारस असतात, दोन पिढ्यांची राहिली तर वीस. त्यांतला एक पुण्यात, एक सुरतेत, एक भिवंडीत, आणि एक कोणाशीच बोलत नाही. मग पीक कर्ज नाही, ठिबकचे अनुदान नाही, आणि रस्त्यात जमीन गेली तर मोबदला भांडणात. समृद्धी महामार्ग भिवंडी तालुक्यातल्या आमणे गावी येऊन पोचतो, आणि नागपूरपासून तिथपर्यंतच्या गावांतून त्यासाठी जमिनी घेतल्या गेल्या. ज्यांचे कागद नीट त्यांना मोबदला घ्यायला त्रास कमी, हे सांगायला ज्योतिषी नको.

एक खुलासा. फेरफार म्हणजे वाटणी नव्हे. सगळ्या वारसांची नावे लावणे हे पहिले काम, वाटणी नंतर सवडीने. ही दोन कामे एकत्र करायला गेले की दोन्ही अडतात.

लेकीचे नाव

इथे आम्ही थोडे स्पष्ट बोलणार आहोत. वारसांची यादी लिहिताना लेकींची नावे गाळायची, किंवा तेराव्याला माहेरी आलेल्या बहिणीकडून डोळे पुसता पुसता हक्कसोड पत्रावर सही घ्यायची, ही रीत बरी नव्हे आणि कायद्यालाही धरून नाही. हिंदू वारसा कायद्यात मुलगा, मुलगी, विधवा पत्नी आणि आई हे पहिल्या वर्गाचे वारस आहेत. 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेतही मुलीला मुलाइतकाच हक्क दिला, आणि 11 ऑगस्ट 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात सांगितले, की हा हक्क जन्मानेच आहे, 2005 साली बाप हयात होता की नव्हता याने फरक पडत नाही. मुसलमान सभासदांचा वारसा त्यांच्या कायद्याप्रमाणे चालतो. त्यातही लेकीला आणि विधवेला वाटा आहेच.

कोणी म्हणेल, बहीण स्वखुशीने सोडते. सोडू दे की. पण वर्षश्राद्ध झाल्यावर, शांत डोक्याने, कागद वाचून, रजिस्टर ऑफिसात जाऊन. तेराव्या दिवशी घेतलेल्या सहीला आम्ही खुशी म्हणत नाही. आणि नाव गाळलेल्या बहिणीने दहा वर्षांनी दावा लावला, तर पहिली अडणार ती उसाच्या बिलाची रक्कम.

बँक, विमा आणि गाडी

पासबुक नीट वाचा. मे-जून महिन्यात 436 रुपये किंवा 20 रुपये कापल्याची ओळ दिसते का पाहा. 436 म्हणजे पंतप्रधान जीवनज्योती विमा, 20 म्हणजे सुरक्षा विमा. पहिल्यात कोणत्याही कारणाने मृत्यू झाला तरी, दुसऱ्यात अपघाती मृत्यू झाला तर, 2-2 लाखांचा विमा असतो. पुष्कळ घरांना आपल्या माणसाचा विमा होता हेच ठाऊक नसते. दावा शक्यतो 30 दिवसांच्या आत बँकेत द्यावा.

मुलगा कंपनीत किंवा गोदामात कामाला असेल तर त्याचा भविष्यनिर्वाह निधी कापला जात होता का, हे मुकादमाला नव्हे, पगाराच्या चिठ्ठीला विचारा. चिठ्ठीवर यूएएन नंबर असतो. निधी कापला जात असेल तर जमा रक्कम मिळतेच, शिवाय 7 लाखांपर्यंतचा ठेव संलग्न विमा आणि विधवेला कुटुंब निवृत्तिवेतनही लागू होऊ शकते. रस्त्यावरच्या अपघातात मृत्यू झाला असेल तर मोटार अपघात न्यायाधिकरणाकडे सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो. वाहन सापडलेच नाही तरी हिट अँड रनची 2 लाखांची भरपाई आहे.

घरात ट्रॅक्टर असेल तर मालकाच्या मृत्यूची खबर आरटीओला 30 दिवसांत द्यायची आणि तीन महिन्यांत नाव बदलायचे, असा नियम आहे. हंगामात हाच ट्रॅक्टर ऊस ओढतो. विमा मयताच्या नावावर, चालवतो दुसराच, आणि वाटेत काही झाले, तर विमा कंपनीशी भांडत बसावे लागते.

कारखान्यात काय करावे

प्रथम गट ऑफिसला कळवा. चिटबॉयला सांगितले म्हणजे झाले असे समजू नका. लेखी अर्ज आणि दाखल्याची प्रत द्या. उभ्या उसाची नोंद कोणत्या गटात, कोणत्या वाणाची, आडसाली की सुरू की खोडवा, हे अर्जात लिहा. तोड येण्याआधी वारसांनी संमतीने एकाचे नाव ठरवून त्याचे खाते दिले, तर बिल अडत नाही. तोड झाल्यावर आलात तर आमचेही हात बांधलेले असतात.

शेअरबाबत महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 च्या कलम 30 प्रमाणे मयताचा भाग नामनिर्देशित व्यक्तीच्या, आणि नाव दिले नसेल तर वारसाच्या नावे होतो. पण नॉमिनी म्हणजे मालक, हा गैरसमज काढून टाका. विम्याबाबत 1983 साली सर्बती देवी खटल्यात आणि कंपनीच्या शेअर्सबाबत 14 डिसेंबर 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले, की नॉमिनी रक्कम स्वीकारतो, मालकी वारसा कायद्याप्रमाणेच ठरते. वारसांत तंटा असेल तर मात्र दिवाणी न्यायालयाचा वारस दाखला आणावा लागतो, तिथे आमचा इलाज नाही.

सोसायटीचे कर्ज माणसाबरोबर जात नाही. वारसाला जे मिळाले त्यातून ते फेडावे लागते. म्हणून सोसायटीत जाऊन येणे-बाकीचा उतारा आधीच घ्यावा. तोंडी आकड्यावर विश्वास ठेवू नये.

आणि रानाकडे पाहावे. उसाला सुतक नसते. बाळबांधणीची वेळ, पाण्याची पाळी, खताचा हप्ता चुकला तर ते नुकसान पुढच्या बिलात दिसते. आपल्याकडे तिसऱ्या दिवशी राख सावडतात. सावड हा शब्द आपण दुसऱ्या अर्थानेही वापरतो, एकमेकांच्या रानात एकमेकांनी राबण्याच्या. राख सावडायला जमलेल्यांपैकी दोघा-चौघांनी पंधरा दिवस मयताच्या रानाची सावड धरली, तर पाहुण्यांनी आणलेल्या टॉवेल-टोपीपेक्षा ते मोलाचे ठरेल. ज्या गावात हे होते, तिथला मयताचा ऊस आणि शेजाऱ्याचा ऊस आम्हाला वेगळा ओळखता येत नाही.

जिवंतपणी करायचे काम

वर सांगितलेली निम्मी कामे माणूस जिवंत असताना दहा मिनिटांत होतात. नॉमिनी लावला की मरण जवळ येते, असे काही जण मानतात. पेरणीपूर्वी बांध घातला म्हणून कोणी पुराला आमंत्रण देत नाही. 1 नोव्हेंबर 2025 पासून बँक खात्याला चारपर्यंत नॉमिनी लावता येतात. कारखान्याच्या शेअरला, सोसायटीला, विम्याला नावे लावलेली आहेत का ते पाहा. बायको वारली असेल आणि नॉमिनी अजून तीच असेल, तर बदला. पंधरा-वीस वर्षांपूर्वी भरलेला फॉर्म पुन्हा कोणी उघडून पाहत नाही.

सगळे कागद एका पिशवीत ठेवा, त्यांच्या झेरॉक्स दुसऱ्या घरी ठेवा. लेकीच्या घरी ठेवल्या तर उत्तमच. शेत कुठे, कर्ज किती, उसने कोणाला दिले, विमा कोणता, हे एका वहीत लिहा आणि ती वही कुठे आहे ते कारभारणीला सांगा. शेतीचे सगळे व्यवहार पुरुषाच्या डोक्यात आणि घरच्या बाईला गट नंबरसुद्धा माहीत नाही, ही स्थिती आम्हाला उसावरच्या कोणत्याही रोगापेक्षा जास्त घातक वाटते. रोगावर औषध मारता येते.

येत्या वार्षिक सभेला येताना प्रत्येक सभासदाने शेअर सर्टिफिकेटची झेरॉक्स आणि नॉमिनीचे नाव बरोबर आणावे, आणि शक्य तर घरच्या लक्ष्मीलाही आणावे, अशी आमची विनंती आहे. संचालक मंडळालाही आमचे सांगणे आहे, की प्रत्येक गट ऑफिसात वारस नोंदीचे फॉर्म ठेवावेत, आणि सभासद वारल्याचे कळताच शेतकी मदतनीसाने सांत्वनाला जाताना तो फॉर्म खिशात न्यावा. पहिल्या भेटीत फॉर्म बाहेर काढू नये. दुसऱ्या भेटीत मात्र काढल्याशिवाय परत येऊ नये.